डावा, उजवा की भाटकाराच्या (म्हणजे जमीनदाराच्या) बाजूचा? गोव्यातल्या मराठी माणसाचे नेहमीचे प्रश्न

दर इलेक्शनच्या तोंडावर आमच्या तिंट्यावरच्या (गावच्या चौकातल्या) गाड्यावर एकच वाद पेटतो. कोणीतरी कुणाला अंधभक्त म्हणतो, तो उलटून अर्बन नक्षल म्हणतो, आणि दोघांची पातळ भाजी थंड होते. मी बीएला पॉलिटिकल सायन्स घेतलं होतं, एवढ्याच भांडवलावर लोक मला मध्ये ओढतात, म्हटलं एकदाच सगळं लिहून टाकू, पुढच्या वेळी लिंक पाठवायची आणि आपण शांतपणे पाव बुडवायचा.

डावं-उजवं हे आलं कुठून?

फ्रान्समधून. १७८९ साली तिथल्या नॅशनल असेंब्लीत वाद चालला होता की राजाला व्हेटो द्यायचा की नाही. ज्यांना द्यायचा होता ते अध्यक्षाच्या उजव्या हाताला जाऊन बसले, ज्यांना नको होता ते डाव्या. बस्स, मुळात ती बसायची जागा. अर्थ मागाहून चिकटत गेले, उजवे म्हणजे परंपरा, धर्म, मालमत्ता सांभाळणारे आणि डावे म्हणजे समता मागणारे, वरच्याचं थोडं काढून खालच्याला द्या म्हणणारे. आपल्याकडे डाव्या हातानं प्रसाद घेतला तरी आजी ओरडते, त्यामुळे शब्दालाच पहिल्यापासून थोडा कमीपणा आहे तो वेगळा.

सगळे लोक एकाच रेषेवर मावतात का?

नाही मावत, आणि हे समजायला आपल्याला युरोपात जायची गरज नाही, केसरीच्या ऑफिसात डोकावलं तरी पुरे. टिळक इंग्रजांच्या बाबतीत जहाल, पण १८९१ ला संमतिवयाचा कायदा आला (शरीरसंबंधासाठी मुलीचं वय १० वरून १२ करणारा) तेव्हा त्याला विरोध, कारण परक्या सरकारनं आमच्या घरात हात घालायचा नाही. आगरकर म्हणायचे आधी समाज सुधारा, आणि त्याच मतभेदातून केसरी सोडून त्यांनी १८८८ ला सुधारक काढला. गोखले मवाळ, पण सामाजिक बाबतीत टिळकांपेक्षा पुढे. आता या तिघांना एका रेषेवर उभं करून दाखवा. टिळक डावे की उजवे? सत्तेच्या प्रश्नावर एक उत्तर येतं, घरातल्या प्रश्नावर दुसरं. म्हणूनच पुढं लोकांनी दोन रेषांचे नकाशे काढले, अमेरिकेत डेव्हिड नोलन यांनी १९६९ ला एक काढला, पैशाचं स्वातंत्र्य एका बाजूला आणि खाजगी आयुष्याचं स्वातंत्र्य दुसऱ्या बाजूला, आणि २००१ पासून ती पॉलिटिकल कंपासची टेस्ट नेटवर आहे जी तुमच्या भाच्यानं ग्रुपवर टाकली होती.

समाजवादी आणि कम्युनिस्ट एकच ना?

नाही, पण चुलतभाऊ. कम्युनिस्ट म्हणतो कारखाना, जमीन, खाण, सगळं समाजाच्या मालकीचं, आणि मार्क्सच्या हिशोबात ते क्रांतीनं होणार. लोकशाही समाजवादी म्हणतो निवडणुकीनं, हळूहळू, आणि सगळंच नको, मोठं मोठं सरकारकडे ठेवा. सोशल डेमोक्रॅट म्हणजे अजून सौम्य, धंदा करा, पैसे कमवा, पण टॅक्स भरा, त्यातून दवाखाना आणि शाळा चालेल.

गोव्यात समाजवाद्यांचं एक मोठं देणं आहे जे आपण रस्त्याच्या पाटीवर वाचतो आणि विसरतो. १८ जून १९४६ ला राम मनोहर लोहियांनी मडगावात सभा घेतली आणि अटक झाली, पणजीचा १८ जून रस्ता त्यावरून. तिथे पार्किंग शोधताना लोहिया आठवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग सालाझार कोण? तो पण शिस्तवाला, धर्मवाला होता.

सालाझार म्हणजे पोर्तुगालचा उजवा हुकूमशहा. देव, देश, कुटुंब, निवडणूक नावापुरती, सेन्सॉर आणि पोलीस खरे. आमच्यात अजून म्हातारे म्हणतात पोर्तुगीज काळात दारं उघडी टाकून झोपायचो. असेल, पण पत्रिका छापायला परवानगी लागायची ते सांगत नाहीत. गंमत म्हणजे १९६१ ला गोवा मुक्त झाला तरी पोर्तुगालनं ते मान्य केलं १९७४ च्या डिसेंबरात, तिथं एप्रिलमध्ये क्रांती होऊन ती राजवट गेली त्यानंतरच. लिस्बनमध्ये सरकार बदललं म्हणून आपला कागद पक्का झाला.

'लिबरल' ही शिवी आहे की कौतुक?

कोण बोलतोय त्यावर. युरोपात लिबरल म्हणजे व्यक्तिस्वातंत्र्य आणि मोकळा बाजार, म्हणजे बऱ्याचदा धंद्यावाल्यांच्या बाजूचा. अमेरिकेत लिबरल म्हणजे डावीकडचा, सरकारनं गरिबाला मदत करावी म्हणणारा. आपल्या टीव्हीवर लिबरल म्हणजे इंग्रजी बोलणारा आणि आपल्याला न आवडणारा. मराठीत जुना शब्द आहे उदारमतवादी, रानडे-गोखल्यांच्या वळणाचा, आणि तो शब्द वापरला की निदान समोरचा लगेच भडकत नाही, जरा विचार करतो.

मोकळा बाजार मागणारा म्हणजे श्रीमंतांचा माणूस का?

हे मला पण कॉलेजात असंच वाटायचं. मग शरद जोशी वाचले. शेतकरी संघटनेचा नेता, कांद्यासाठी रस्ता अडवणारा, आणि तोच म्हणतो सरकारनं शेतमालाच्या बाजारातून हात काढावा, कारण निर्यातबंदी करून शेतकऱ्याला लुटतं तेच सरकार. राजाजींचा स्वतंत्र पक्ष १९५९ ला निघाला तो लायसन्स-परमिट राज्याच्या विरोधात, १९६७ ला लोकसभेत ४४ जागा घेऊन सगळ्यात मोठा विरोधी पक्ष झाला, आज त्याचं नाव काढलं तर पोरांना स्टार्टअप वाटतो. राजे-जमीनदार त्यात होते हे पण खरं.

आमच्या आजोबांना कूळ कायद्यानं जमीन मिळाली, मग आम्ही डावे का?

आला खरा प्रश्न. हा मी जरा लांब घेणार, कारण माझ्या मते गोव्यातल्या माणसाची विचारधारा बघायची तर त्याच्या घराखालची आणि शेताची जमीन बघा, बाकी सगळं वरवरचं.

आमचे आजोबा डिचोली तालुक्यात भाटकाराचं शेत कसायचे. खंड द्यायचे, चतुर्थीला भाटकाराकडे भाजी-नारळ घेऊन जायचे, आणि अंगणात उभे राहायचे, बसायचे नाहीत. १९६४ ला कूळ कायदा झाला, १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीनं कसणाऱ्या कुळाला मालक मानलं गेलं. १९७५ चा मुंडकार कायदा वेगळा, तो घराचा, भाटकाराच्या भाटात (बागायतीत) झोपडी बांधून राहणाऱ्याला हुसकावता येणार नाही आणि घराखालची जागा ठरलेल्या किमतीला विकत घेता येईल असा. हे कायदे आले तेव्हा ते डावेच होते, त्यात शंका नको. एकाच्या नावावरची जमीन सरकारनं दुसऱ्याला देणं याहून डावं काय असतं? भाटकार कोर्टात गेले, आमच्या मालमत्तेच्या हक्काचं काय म्हणून, आणि शुद्ध तत्त्व म्हणून बघाल तर त्यांचा मुद्दा अगदीच फालतू नव्हता.

आता पुढचं ऐका. आजोबांच्या नावावर कागद व्हायला मामलेदार कचेरीत इतकी वर्षं गेली की ते बघायला ते राहिले नाहीत. बाबांनी तीच जमीन सांभाळली. आणि आज आमच्या घरात भाताला कोणी वाकत नाही, मजूर मिळत नाही, शेत पडीक आहे, आणि माझा थोरला चुलतभाऊ म्हणतो आमची जमीन आहे, विकू दे आम्हाला, बंगले होऊ दे, सरकार कोण अडवणारं? कुळातून मिळालेली जमीन शेतीशिवाय वापरता येत नाही असा कायदा १९९१ चा आहे, आणि २०२३ ला अजून एक आला की शेतजमीन बिगर-शेतकऱ्याला विकायची नाही. तर भाऊ दोन्हींवर चिडलेला. भाटकार ५० वर्षांपूर्वी जे बोलत होते ते शब्द न शब्द आज तो बोलतो, आणि त्याला ते सांगितलं तर तो माझ्याशी दोन दिवस बोलत नाही!

म्हणून या प्रश्नाचं उत्तर: आजोबा डाव्या कायद्याचे लाभार्थी होते. नातू काय आहे ते नातवाला त्या शेताचं काय करायचंय त्यावर आहे.

पण कोमुनिदाद म्हणजे आपला जुना गावचा साम्यवादच ना?

असं सांगणारे खूप आहेत, आणि ऐकायला छान वाटतं, गावकारी, गावाची सामायिक जमीन, खाजन (खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेल्या) शेतांचा लिलाव, बांध सगळ्यांनी मिळून राखायचे, फायद्याचा वाटा गावकारांना. पण गावकार कोण? ठरावीक घराण्यांतले पुरुष, वंशपरंपरेनं. सून नाही, मुंडकार नाही, शेतात राबणारा गावडा (इथला आदिवासी) बऱ्याच ठिकाणी नाही. सामायिक होतं, पण क्लबाच्या आतल्यांसाठी. याला तुम्ही परंपरावाद म्हणा, सहकार म्हणा, मला साम्यवाद म्हणवत नाही.

मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) डावा होता की उजवा?

मगोचे नेते आणि गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर स्वतः खाणमालक. आणि त्यांचा पक्ष बहुजनांचा, कुळांचा, गावागावात मराठी प्राथमिक शाळा काढणारा. भांडवलदारानं भाटकाराच्या विरोधात कुळांची मोट बांधली, हे कुठल्या पुस्तकी चौकटीत बसवणार? पैशाच्या रेषेवर बघाल तर बराच डावीकडे, अस्मितेच्या रेषेवर विलीनीकरणवादी (गोवा महाराष्ट्रात घाला म्हणणारा), म्हणजे मराठी-हिंदू बहुजनांची ओळख पुढे ठेवणारा. समोर जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स, वेगळं अस्तित्व राखा म्हणणारा, त्यात ख्रिस्ती मतदार मोठा आणि भाटकार मंडळी पण.

१६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पानं म्हणजे वेगळा प्रदेश. विलीनीकरणाला १,३८,१७० मतं, विरोधात १,७२,१९१, फरक ३४,०२१ चा. म्हणजे बऱ्याच हिंदूंनी पण दोन पानांवर शिक्का मारला. आणि लगेच काही महिन्यांत निवडणूक झाली त्यात त्याच लोकांनी परत भाऊसाहेबांना मुख्यमंत्री केलं. बाहेरचे लोक याला गोंधळ म्हणतात, मला तर इतका स्पष्ट कौल क्वचित दिसतो: महाराष्ट्र नको, पण कुळाला जमीन आणि पोराला शाळा देणारा माणूस हवा.

मी मराठीवादी आहे, म्हणजे मी आपोआप उजवा?

महाराष्ट्रात तसं समजायची सवय शिवसेनेमुळे लागली. पण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात पुढे कोण होते? कॉम्रेड डांगे, समाजवादी एसेम जोशी, आणि अत्रे. म्हणजे तेव्हा मराठी हा डाव्यांचा झेंडा होता. गोव्यात पण साठच्या दशकात मराठी म्हणजे देवळातलं भजन, कीर्तन, दशावतार आणि शाळेत जाणाऱ्या पहिल्या पिढीची भाषा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात देवनागरी कोंकणी राजभाषा झाली आणि मराठीच्या वापराची तरतूद ठेवली, तेव्हापासून मराठीवादी म्हणजे कडवा असा शिक्का बसला. घरात कोंकणी बोलतो, पेपर मराठी वाचतो, पोरं इंग्लिश मीडियमला, हे आमच्यातल्या निम्म्या घरांचं चित्र आहे, माझ्या पण. इंग्रजी शाळांना अनुदान नको म्हणून मोर्चात गेलेल्या एका काकांची नात कुठल्या शाळेत आहे ते मी इथं लिहीत नाही, चतुर्थीला त्यांच्याच घरी जेवायचंय.

भाजप उजवा, तर मग एवढ्या योजना कशा वाटतो?

कारण त्याचं उजवेपण संस्कृतीच्या रेषेवर आहे, पैशाच्या रेषेवर तितकंसं नाही. लाडली लक्ष्मी (मुलींना पैसे), गृह आधार (गृहिणींना पैसे) या गोव्यातल्या योजना पर्रीकरांच्या काळातल्या, आणि जर्मनीतला सोशल डेमोक्रॅट पण याला नाक मुरडणार नाही. संघपरिवारातच बघा, भारतीय मजदूर संघ १९५५ पासून कामगार संघटना चालवतो, स्वदेशी जागरण मंच परकीय गुंतवणुकीला विरोध करतो, आणि त्याच परिवाराचं सरकार गुंतवणूकदारांना बोलावतं. आणि काँग्रेस डावी म्हणाल तर १९९१ ला बाजार मोकळा केला तो काँग्रेसनंच.

समान नागरी कायद्याचं पण असंच. आज तो मागणारा उजवा समजला जातो, पण संविधान सभेत त्याच्या बाजूनं आंबेडकर बोलले होते. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज सिव्हिल कोडामुळे लग्नानंतर नवऱ्याच्या मालमत्तेत बायकोचा अर्धा हिस्सा, म्हणून जमीन विकायची तर दोघांची सही. माझ्या चुलतभावाचा बंगल्यांचा बेत तिथेच अडकलाय, वहिनी सही करत नाही.

लिबर्टेरियन म्हणजे काय? आमच्यात कोणी आहे का?

सरकारनं पोलीस, कोर्ट, सैन्य बघावं, बाकी माझ्या खिशात आणि माझ्या बेडरूममध्ये नाक खुपसू नये, हा लिबर्टेरियन. मोटरसायकलवर हेल्मेट नको म्हणणारा, काजूची भट्टी लावायला लायसन्स कशाला म्हणणारा रोज भेटतो. पण त्याच माणसाला विचारा, पोराला काय करायचंय? सरकारी नोकरी. म्हणजे गोवन लिबर्टेरियन दुपारी जेवण झालं की संपतो.

गोंयकारपण (गोवेकर असल्याचा अभिमान) ही विचारधारा आहे का?

भावना आहे, आणि भावनेवर कुठलीही विचारधारा कलम करता येते, काजूसारखी. डोंगर कापू नका, म्हादई नदी वळवू नका, मोलेंचं जंगल तोडू नका, असं म्हणताना ते हिरव्या राजकारणाकडे जातं, जे खरं तर डावं पण आहे आणि जुनं सांभाळा म्हणणारं पण. दिल्लीवाल्याला जमीन विकू नका म्हणताना ते बाजाराच्या विरोधात जातं. आणि भायल्यांना (बाहेरच्यांना) हाकला म्हणताना सरळ उजव्या कोपऱ्यात. रेव्होल्युशनरी गोवन्स पक्षाची २०२२ ला एक जागा आली ती या तिसऱ्या सुरावर, नोकऱ्या-योजना मूळ गोंयकारांना आधी. युरोपात असे पक्ष खूप आहेत, कल्याणकारी योजना हव्या पण फक्त आपल्यांना. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन गोष्टींत मी त्यांच्याबरोबर आणि तिसरीत नाही, कारण आमच्या गावचा पोदेर (पाववाला), गवंडी आणि न्हावी तिघे पण बाहेरचे, आणि त्यांच्याशिवाय सकाळ होत नाही.

खाण बंदीच्या वेळी कामगार मालकाच्या बाजूनं का उभा राहिला?

पुस्तकात कामगार विरुद्ध मालक असतं. २०१२ ला खाणी थांबल्या, २०१८ ला सुप्रीम कोर्टानं ८८ लीज रद्द केल्या, आणि आमच्या भागात ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले, चहावाले सगळे एका मोर्चात, मालकाच्या सुरात सूर. समोर कोण? खाणीच्या मातीनं शेत भरलेला शेतकरी, विहीर आटलेली बाई. दोघे पण गरीब. ट्रकच्या कर्जाचा हप्ता भरणाऱ्याला तुम्ही वर्गजाणीव शिकवायला जाऊ नका, तो टायर अंगावर घालेल. यात डावी बाजू कुठली ते मला अजून ठरवता येत नाही.

आमदारच उड्या मारतात, मग विचारधारेचा काय उपयोग?

२०१९ ला काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदारांनी भाजपात उडी मारली. २०२२ च्या इलेक्शनआधी काँग्रेसनं उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीसमोर, बांबोळीच्या खुरसासमोर (क्रॉससमोर) आणि बेतीच्या दर्ग्यात शपथा घ्यायला लावल्या, आणि त्याच सप्टेंबरात ११ पैकी ८ गेले. पक्षांतरबंदी कायद्यात दोन तृतीयांश मिळून गेले तर विलीनीकरण मानलं जातं, म्हणून आकडा बरोबर जुळवून जातात. उपयोग आमदाराला नाही हो, तुम्हाला आहे. तो कुठे बसला हे बघून मत देणार असाल तर पाच वर्षांत तीनदा बदलावं लागेल.

ऑनलाइन टेस्टमध्ये माझा ठिपका डावीकडे खाली आला, खरं मानू का?

बायकोचा पण तिथेच आला, सासऱ्यांचा पण, आणि सासरे पक्के सनातनी. त्या टेस्टमधले प्रश्न बाहेरच्या समाजावर बेतलेले असतात, जात नाही, कूळ नाही, भाषेचं माध्यम नाही. आणि आपण उत्तरं देताना चांगला माणूस दिसायचा प्रयत्न करतो. त्यापेक्षा हे विचारा स्वतःला: घरी भाड्यानं राहणारा बिहारी मजूर पंचायतीत मतदार व्हावा का? कोमुनिदादच्या जागेत २० वर्षं राहणाऱ्याचं घर कायम करावं का? देवळाच्या महाजनांत (देवळाचा कारभार बघणाऱ्या घराण्यांत) सगळ्या जाती असाव्यात का? स्वतःचं शेत विकायची परवानगी हवी का, आणि शेजाऱ्याला पण? शेवटच्या प्रश्नाची दोन उत्तरं वेगळी आली तर पहिल्यापासून परत सुरू करा.

मी न्यूट्रल आहे, चालेल ना?

चालेल. बहुतेक वेळा न्यूट्रल म्हणजे आत्ता जे चाललंय त्यात माझं बरं चाललंय.

तुम्ही स्वतः कुठे?

जमिनीच्या बाबतीत डावा, आजोबा अंगणात उभे राहायचे ते डोळ्यासमोरून जात नाही म्हणून. धंद्याच्या बाबतीत मोकळा, कारण एका छोट्या दुकानाच्या लायसन्ससाठी मी सात खेपा मारल्यात. देवधर्मात घरचा, म्हणजे सप्ताहाला टाळ घेऊन उभा राहतो. पडीक शेताचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, दोन्ही भावांची बैठक दिवाळीनंतर आहे आणि वहिनी पण येणार आहेत.